शब्द कोशात नाही असे ठरवण्यापूर्वी : मराठी शब्दकोश आणि विश्वकोश पाहण्याची रीत

‘कोश पाहिला, पण शब्द सापडला नाही’ ही तक्रार भाषांतरकार करतात, जुनी कागदपत्रे वाचणारे करतात आणि मराठी शिकवणारे शिक्षकही करतात. त्यांनी पाहिलेलेच पान घेऊन त्यांच्या शेजारी बसले, की बहुतेक वेळा तो शब्द त्याच कोशात, थोड्या पानांच्या अंतरावर, वेगळ्या रूपात आढळतो. कोश अपुरा असण्यापेक्षा शब्द चुकीच्या रूपाने आणि चुकीच्या जागी शोधला जाणे हेच या अपयशाचे नेहमीचे कारण असते. शब्दाचे मूळ रूप ठरवल्यावरच त्याची जागा ठरते आणि जागा सापडल्यावरच अर्थाचा विचार करता येतो, म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

सर्व टप्प्यांसाठी एकच वाक्य उदाहरण म्हणून घेऊ. आमच्या घरच्या एका जुन्या शेतीवहीत शाईने लिहिलेली ही ओळ आहे : ‘उंसाचे फडांत रात्रीं डुकरें शिरलीं.’ वाक्य साधे आहे, परंतु आजच्या सवयीने कोश उघडणारा वाचक यातील निम्म्या शब्दांवर अडखळतो.

१. पूर्वतयारी : वाक्य, काळ आणि योग्य कोश

शब्द एकटा उतरवून घेऊ नये. संपूर्ण वाक्य उतरवावे. मूळ लेखनातील अनुस्वार, ह्रस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे जशीच्या तशी ठेवावीत. ‘उंसाचे’ हे चुकीचे वाटते म्हणून उतरवतानाच ‘उसाचे’ केले, तर पुढे ज्या खुणेवर शोध अवलंबून आहे तीच पुसली जाते.

त्यानंतर मजकूर कोणत्या काळातील आहे हे ठरवावे, कारण कोश त्यावरून निवडायचा असतो. महानुभाव ग्रंथ किंवा शिलालेख यांतील शब्दासाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेला जुन्या मराठीचा कोश प्रथम पाहावा. एकोणिसाव्या शतकातील मजकुरासाठी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती जवळ असावी. १८३१ च्या पहिल्या आवृत्तीपेक्षा ती बरीच मोठी आहे. बोलीतील शब्द, म्हणी आणि वाक्प्रचार यांसाठी दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ पाहावा. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि नंतर पुरवणी विभाग आला. मूळ विभागात न सापडलेला शब्द पुरवणीत पाहण्याचे अनेकजण विसरतात. व्युत्पत्तीसाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आहे. कार्यालयीन किंवा शास्त्रीय संज्ञा असेल, तर सर्वसाधारण शब्दकोशात वेळ न घालवता भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहावेत.

कोश निवडल्यावर थेट शब्दाकडे जाऊ नये. आरंभीची संक्षेपांची यादी आणि वर्णक्रमाविषयीची सूचना वाचण्यास दहा मिनिटे पुरतात, आणि तेवढ्याने पुढचे तास वाचतात.

*तपासणी :* आपल्यासमोर संपूर्ण वाक्य आहे का? कोशाची आवृत्ती आणि वर्ष माहीत आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये.

२. मूळ रूपाकडे जाणे

कोशात नामाची प्रथमा एकवचनाची आणि क्रियापदाची ‘णे’ने संपणारी रूपे दिलेली असतात. मजकुरात मात्र सामान्यरूपे (प्रत्यय लागताना बदललेली रूपे), अनेकवचने आणि भूतकाळाची रूपे येतात. हा टप्पा मराठीभाषकांकडूनच अधिक चुकतो. आपण ही रूपे न अडखळता बोलत असतो, त्यामुळे त्यांच्यात काय बदलले आहे इकडे आपले लक्षच जात नाही.

प्रथम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय काढावे. ‘उंसाचे’ मधून ‘चे’ काढल्यावर ‘उंसा’ राहते, ‘फडांत’ मधून ‘त’ आणि जुन्या लेखनात त्याच्यापूर्वी येणारा अनुस्वार काढल्यावर ‘फडा’ राहते. शेवटचा ‘आ’ हा सामान्यरूपाचा आहे. तो काढल्यावर ‘उंस’ आणि ‘फड’ मिळतात. ‘फड’ हे मूळ रूपच आहे. ‘उंस’ मात्र नाही, कारण सामान्यरूप होताना उपान्त्य (शेवटून दुसऱ्या अक्षरातील) दीर्घ ई-ऊ ह्रस्व होतात : फूल-फुलाला, वीट-विटेला, चूल-चुलीवर. म्हणून ही वाट उलट चालून ‘ऊंस’पर्यंत जावे लागते. तो शब्द ‘उ’च्या पानांवर शोधणाऱ्याला कधीच सापडणार नाही.

उलट चालताना पुढील बदल लक्षात ठेवावेत.

मधला ‘ऊ’ नाहीसा होतो : कापसाचा-कापूस, तांदळाचा-तांदूळ, लाकडाचे-लाकूड, बेडकाला-बेडूक. ‘पावसाला’ मागे ‘पाऊस’ असतो.

‘वा’ मागे ‘ऊ’ असू शकतो : विंचवाचे-विंचू, नातवाला-नातू, भावाला-भाऊ, गव्हाचे-गहू.

‘श’ मागे ‘स’ असू शकतो : म्हशीला-म्हैस, पैशाला-पैसा, सशाला-ससा.

जोड व्यंजन सुटे होते : छपराला-छप्पर, रकमेला-रक्कम, दुपटीने-दुप्पट. आपल्या वाक्यातील ‘डुकरें’ याच जातीचे आहे. आज आपण ‘डुक्कर’ लिहितो; जुन्या लेखनात ‘डुकर’ असेही रूप आढळते, आणि ही दोन रूपे कोशात एकमेकांपासून दूर पडतात. दोन्ही पाहावीत.

सर्वांत फसवे सामान्यरूप ‘या’चे आहे. ‘घोड्याला’ मागे घोडा, ‘पाण्यात’ मागे पाणी आणि ‘तळ्यात’ मागे तळे असते. म्हणजे ‘आ’, ‘ई’ आणि ‘ए’ या तिन्ही शक्यता तपासाव्या लागतात. ‘माळ्याला हाक मार’ आणि ‘माळ्यावर ठेव’ यांत रूप एकच आहे. परंतु पहिल्यात माळी आहे आणि दुसऱ्यात माळा. संपूर्ण वाक्य उतरवण्याचा आग्रह याचसाठी धरला.

क्रियापदांत ‘शिरलीं’ वरून ‘शिरणे’ सहज मिळते. ‘गेला’-जाणे, ‘केला’-करणे, ‘मेला’-मरणे, ‘झाला’-होणे, ‘म्हटले’-म्हणणे ही रूपेही ओळखीची असतात. अडचण कमी वापरातल्या रूपांची असते : ‘व्यायली’ हे ‘विणे’चे, ‘भ्याला’ हे ‘भिणे’चे आणि ‘ल्यायली’ हे ‘लेणे’चे रूप आहे. प्रयोजक क्रियापदांत ‘शिकवणे’ आणि ‘शिकविणे’ अशी दोन रूपे संभवतात. जुन्या कोशात दुसरे अधिक आढळते आणि क्रमाने ते पहिल्यानंतर येते.

*सावधान :* एकच मूळ रूप मनाशी ठरवून कोश उघडू नये. शक्य असलेली सर्व रूपे कागदावर मांडावीत आणि सापडले नाही म्हणून एकेक खोडावे.

३. आजचे लेखन जुन्या लेखनात बदलणे

मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. मोल्सवर्थ, दाते-कर्वे आणि केतकरांचा ज्ञानकोश हे सर्व त्यापूर्वीचे आहेत. म्हणून आजचा शब्द घेऊन त्यांच्याकडे जाताना दोन बदल करून पाहावे लागतात.

पहिला बदल अनुच्चारित अनुस्वाराचा. आज आपण गाव, पाच, दात, डोके, केळे लिहितो. जुन्या कोशात गांव, पांच, दांत, डोकें, केळें असे आढळते. क्रियापदेही ‘करणें’, ‘जाणें’ अशी असतात. शेवटच्या अक्षरावरील अनुस्वाराने जागेत फारसा फरक पडत नाही, पण पहिल्या किंवा मधल्या अक्षरावरील अनुस्वार शब्दाला अनेक पाने मागे-पुढे नेऊ शकतो. ‘नाव’ हा शब्द पाहावा : पाण्यावर चालणारी ‘नाव’ आणि माणसाचे ‘नांव’ यांच्या लेखनात जुन्या काळी फरक होता, आज तो राहिलेला नाही. घाईतला वाचक पहिल्या नोंदीवर थांबतो आणि ‘होडी’ एवढाच अर्थ घेऊन परततो.

दुसरा बदल तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांच्या शेवटच्या इकार-उकारांचा. आजचे कवी, बुद्धी, गुरू हे जुन्या कोशांत कवि, बुद्धि, गुरु असे ह्रस्वान्त असतात. समासात मात्र आजही बुद्धिवैभव, गुरुदक्षिणा असा ह्रस्वच राहतो. त्यामुळे आजच्या नियमांनी रचलेल्या कोशात ‘बुद्धिबळ’ हा शब्द ‘बुद्धी’च्या आधी येतो, आणि ‘बुद्धी’ सापडल्यावर पुढे पुढे शोधत जाणारा तो नाही असे समजतो. एखादा सामासिक शब्द सापडला नाही, तर मागची पाने उलटून पाहावीत.

४. वर्णक्रमातील जागा शोधणे

शाळेतील तक्त्यावरचा क्रम आणि कोशाचा क्रम तंतोतंत एक नसतो. या टप्प्यावर सावकाश चालावे, कारण चुका सर्वाधिक येथेच होतात.

पहिली गोष्ट जोडाक्षरांची. एका व्यंजनाची सर्व स्वरयुक्त रूपे संपल्यानंतर त्याची जोडाक्षरे सुरू होतात. म्हणजे प, पा, पि… पो, पौ हे सर्व झाल्यावर ‘प्य’, ‘प्र’, ‘प्ल’ येतात. ‘प्रकाश’ हा ‘पौष’च्या पुढे शोधायचा.

दुसरी गोष्ट रफाराची. ‘कर्ज’ या शब्दात डोळ्यांना ‘ज’ आधी दिसतो आणि वर रफार दिसतो, म्हणून अनेकजण ‘कज’च्या आसपास पाहतात. रफार म्हणजे ‘र्’, आणि तो ‘ज’च्या आधी उच्चारला जातो. तेव्हा करवंद, करार, करुणा, करोड हे सर्व ओलांडल्यावर कर्ज, कर्तव्य, कर्म यांची रांग लागते. संशय आल्यास शब्द हलन्त फोडून लिहावा : क-र्-ज. एवढ्याने गोंधळ संपतो.

तिसरी गोष्ट ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांची. तक्त्यात ही अक्षरे शेवटी असतात, म्हणून ‘क्षमा’ पाहण्यासाठी वाचक शेवटचा खंड काढतो. बहुतेक कोशांत ‘क्ष’ हे क्+ष म्हणून ‘क’च्या जोडाक्षरांत आणि ‘ज्ञ’ हे ज्+ञ म्हणून ‘ज’च्या जोडाक्षरांत असते. त्यामुळे ‘ज्ञान’ हा ‘ज्या’, ‘ज्योत’ आणि ‘ज्वारी’ यांच्याही आधी येतो. ‘त्र’ आणि ‘श्र’ यांनाही हाच न्याय लागू आहे.

चौथी गोष्ट अनुस्वाराची, आणि हिच्यासाठी एकच नियम सांगता येत नाही. काही कोश अनुस्वारयुक्त अक्षर साध्या अक्षराच्या लगेच पुढे घेतात, काही ते सर्व स्वरांनंतर घेतात, तर काही ‘अंग’ म्हणजे ‘अङ्ग’ असे परसवर्णाप्रमाणे, म्हणजे पुढच्या व्यंजनाच्या वर्गातील अनुनासिक मानून, धरतात. कोणता कोश काय करतो हे पाठ करण्याची गरज नाही. तीन शब्दांची परीक्षा पुरे होते. ‘अंग’, ‘अक्षर’ आणि ‘अन्न’ हे तीन शब्द त्या कोशात कोणत्या क्रमाने येतात ते पाहावे आणि तोच क्रम आपल्या शब्दाला लावावा. ‘ऊंस’ हा काही ठिकाणी ‘ऊ’च्या आरंभीच असेल, तर जो कोश त्यातील अनुस्वार मोजत नाही त्यात तो ‘ऊ’च्या शेवटाजवळ ‘स’च्या जागी असेल.

‘ळ’चेही असेच आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे आहे, परंतु संगणकाने लावलेल्या याद्यांत तो पुष्कळदा ‘ल’च्या लगेच पुढे, ‘व’च्या आधी येतो. ‘बळ’ आणि ‘बस’ यांतील कोणता आधी आहे हे पाहिले, की कोणता क्रम वापरला आहे ते कळते.

*तपासणी :* अपेक्षित जागेच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन शब्द वाचून दाखवता आले पाहिजेत. ते दोन्ही सापडले आणि मधला नाही, तरच शब्द त्या जागी नाही असे म्हणता येते.

५. नोंद संपूर्ण वाचणे

शब्द सापडल्यावर पहिला अर्थ उचलून कोश मिटणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. शीर्षशब्दापुढील लहान संक्षेप आधी वाचावेत. पु., स्त्री., न. यांवरून लिंग कळते आणि पुष्कळदा अर्थही त्यावरच ठरतो : पुल्लिंगी ‘माळ’ म्हणजे उघडी, सपाट जमीन आणि स्त्रीलिंगी ‘माळ’ म्हणजे ओवलेली सर. दाते-कर्वे यांच्या कोशातील अक्रि. आणि सक्रि. म्हणजे अकर्मक आणि सकर्मक क्रियापद. व., ना., गो. यांसारखे संक्षेप तो शब्द वऱ्हाडी, नागपुरी किंवा गोमंतकी असल्याचे सांगतात. ही खूण गाळून तो अर्थ साताऱ्याकडच्या मजकुराला लावला, तर भाषांतर चुकतेच.

आता ‘फड’ पाहावा. उसाचा फड आहे, तमाशाचा फड आहे, कुस्त्यांचा फड आहे, वारकऱ्यांचे फड आहेत, आणि जुन्या राज्यकारभारात कामकाजाच्या कचेरीलाही फड म्हणत. नोंदीतील अर्थांचे क्रमांक हे महत्त्वाचे क्रमांक नव्हेत. कोशकाराने पहिला दिलेला अर्थ आपल्या वाक्याचा असेलच असे नाही. प्रत्येक अर्थ वाक्यात ठेवून पाहावा. ‘डुकरें शिरलीं’ याला शेतच जुळते, कचेरी जुळत नाही. येथे हे उघड आहे. परंतु ‘फडावर गेले’ एवढेच वाक्य असते, तर आधीच्या आणि नंतरच्या ओळी वाचल्याशिवाय निर्णय करता आला नसता.

वाक्प्रचार आणि म्हणी नोंदीच्या शेवटी असतात. ‘तोंडचे पाणी पळणे’ हा प्रयोग ‘पळणे’खाली शोधू नये, ‘तोंड’ आणि ‘पाणी’ या दोन्ही नामांखाली पाहावा. तेथे न मिळाल्यास दाते-कर्वे यांचाच ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ उघडावा.

*सावधान :* जुन्या कोशातील अर्थ आजच्या मजकुराला, किंवा आजचा अर्थ जुन्या मजकुराला लावू नये. १८५७ च्या कोशातील ‘आकाशवाणी’ ही देववाणी आहे. रेडिओ तेव्हा नव्हता.

६. विश्वकोशातील नोंद शोधणे

शब्दकोशात शब्द शोधायचा असतो आणि विश्वकोशात विषय, म्हणून आधी विषयाचे शीर्षक काय असेल याचा विचार करावा. शीर्षक सामान्यतः नाम असते. ‘भात कसा लावतात’ हे ‘भात’ या नोंदीत मिळेल. परभाषेतून आलेल्या संज्ञेची रूढ आणि पारिभाषिक अशी दोन्ही नावे पाहावीत : ऑक्सिजन आणि प्राणवायू, प्लूटो आणि कुबेर.

व्यक्तींच्या नोंदी आडनावाने लावलेल्या असतात : ‘आंबेडकर, भीमराव रामजी’, ‘टिळक, बाळ गंगाधर’. ‘डॉ.’, ‘लोकमान्य’, ‘बाबासाहेब’ यांखाली शोधून काही मिळत नाही. संतांच्या नोंदी मात्र ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम अशा त्यांच्या नावानेच असतात. टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकांसाठी टोपणनाव आणि आडनाव अशा दोन्ही जागा पाहाव्यात.

नोंद मिळाली तरी शोध पूर्ण होत नाही. ‘मराठी विश्वकोश’ वाचताना बाणाची खूण आणि ‘पहा’ असा निर्देश यांकडे दुर्लक्ष करू नये. एखाद्या विषयाचा मुख्य भाग पुष्कळदा त्या दुसऱ्या नोंदीत असतो. केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’त तर पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत आणि अकारविल्हे (वर्णक्रमाने लावलेल्या) नोंदी त्यानंतर सुरू होतात, पहिला खंड उघडून ‘अ’ शोधणारा उगाच निराश होतो.

त्यानंतर खंडाचे वर्ष पाहावे. वाईहून सिद्ध झालेल्या ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ चा आणि विसावा २०१५ चा आहे, एकाच ग्रंथाच्या दोन खंडांत जवळजवळ चाळीस वर्षांचे अंतर आहे. सुरुवातीच्या खंडांतील ‘आंध्र प्रदेश’ वाचताना २ जून २०१४ रोजी तेलंगण वेगळे झाले हे आपणच ध्यानात ठेवायचे असते. प्लूटोला ग्रह म्हणणारी जुनी नोंदही तिच्या काळी बरोबर होती. २००६ मध्ये त्याचे वर्गीकरण बदलले. लोकसंख्या, जिल्ह्यांच्या सीमा, संस्थांची नावे आणि ग्रहगोलांची संख्या या गोष्टी वर्षाचा उल्लेख केल्याशिवाय उद्धृत करू नयेत. व्याकरण, जुने ग्रंथ, वनस्पतींचे वर्णन यांना असा धोका कमी असतो.

७. संगणकावर शोधताना

शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शोधता येतात, आणि मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर आहे. येथे वर्णक्रमाची चिंता मिटते, परंतु दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांची मुळीच मिटत नाही, कारण यंत्र अक्षरशः तेच शोधते जे आपण टंकित करतो.

‘तऱ्हा’ यातील ‘ऱ्ह’ दोन वेगवेगळ्या प्रकारांनी टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला ते वेगळे असतात. ‘ॲ’, ‘ऍ’ आणि ‘अ‍ॅ’ यांचेही तसेच. शब्द मिळाला नाही, तर त्यातील निर्वेध असलेली पहिली दोन-तीन अक्षरेच टंकित करून पाहावीत. छापील पानावरून यंत्राने वाचून घेतलेल्या मजकुरात ‘घ’चा ‘ध’, ‘भ’चा ‘म’, ‘ब’चा ‘व’ आणि ‘ख’चा ‘रव’ झालेला असतो. अशा मजकुरात शोधताना ही रूपेही देऊन पाहावीत.

*तपासणी :* मिळालेली नोंद पानाच्या छायाचित्राशी ताडून पाहिली का? अनुस्वार आणि लिंगाचे संक्षेप यांत चुका सर्वाधिक राहतात.

८. टिपण करणे

शेवटी एक लहान चिठ्ठी लिहावी. तिच्यावर मूळ वाक्य, त्यातील रूप, आपण ठरवलेले मूळ रूप, कोशातील शीर्षशब्द त्याच लेखनात, कोशाचे नाव, आवृत्तीचे वर्ष, खंड आणि पृष्ठ, घेतलेल्या अर्थाचा क्रमांक, आणि इतर अर्थ का सोडले याचे एक वाक्य असावे. शब्द सापडला नाही, तर कोणकोणती रूपे कोणकोणत्या कोशांत पाहिली तेही लिहावे; नाहीतर तोच शोध पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

वर घेतलेल्या वाक्याची एक चिठ्ठी अशी होईल : ‘उंसाचे – उंस – ऊंस, पु.; आजचे लेखन ऊस’, आणि खाली कोश, वर्ष, पृष्ठ. दुसरी ‘फड’ची, तिच्यावर ‘उसाचे शेत, पुढे डुकरे शिरल्याचा उल्लेख असल्यामुळे कचेरी व तमाशा हे अर्थ सोडले’ एवढे पुरे. तिसरी ‘डुकरें’ची. तिच्यावर ‘डुकर’ आणि ‘डुक्कर’ ही दोन्ही रूपे लिहावीत, आणि नोंद ज्या रूपाखाली सापडली त्याच्याखाली रेघ ओढावी.